चारांतील एक पिल्लू

संपादक महाशय,


गेल्या रविवारच्या अंकात दुर्मिळ रंगाच्या पोमेरेनियन पिल्लांविषयी आपण जो सचित्र मजकूर छापला, त्यात निळ्या डोळ्यांचे कौतुक आहे, रंगागणिक चढत जाणाऱ्या दराचे कौतुक आहे, विक्रेत्याजवळील ‘केसीआय पेपर’चेही, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वंशावळीच्या दाखल्याचेही, कौतुक आहे, परंतु ती राखी-निळसर ठिपक्यांची कांती ज्या जोडीतून निपजली, तिच्याविषयी आपल्या वार्ताहराने एकही प्रश्न विचारल्याचे दिसत नाही, याचा विषाद वाटतो.

या रंगास मर्ल म्हणतात. तो एका जनुकाचा प्रताप असून, आई व बाप दोघेही मर्ल असल्यास सरासरीने चार पिल्लांपैकी एकास ते जनुक दोघांकडूनही मिळते. ज्या पेशी केसांस रंग देतात त्यांचीच गरज अंतःकर्णास व नेत्रांसही असल्यामुळे, असे दुहेरी मर्ल पिल्लू बहुतांशी पांढरे आणि पुष्कळदा बहिरे, अंध किंवा अगदीच बारीक डोळ्यांचे जन्मते. चारांत एक! आणि ‘जितका पांढरा तितका दुर्मिळ’ असे सांगून चढ्या भावाने गळ्यात मारले जाते तेही नेमके हेच. आमच्या शेजारी असे एक आले आहे. त्याच्या उशाशी पितळी ताट पडले तरी ते झोपेतून हलत नाही, आणि पाठीवर नुसता हात ठेवला तरी असे दचकून उसळते की त्या घरच्या लहान मुलाने आता त्याच्याजवळ जाणेच सोडले आहे.

वंशावळीचा दाखला आजा-पणजा कोण ते सांगतो. पिल्लाचे कान शाबूत आहेत की नाहीत, याचा खुलासा त्यात कोठेही नसतो. शिवाय फिकट मलई रंगाच्या कुत्र्यात हे ठिपके दृष्टीस पडतच नाहीत, त्यामुळे जनुकाची तपासणी केल्यावाचून जोड लावणारा मनुष्य निर्दोष आहे असे म्हणण्यास मी तयार नाही. इंग्लंडच्या केनेल क्लबाने दोन मर्ल पालकांच्या पिल्लांची नोंद करणेच बंद केले आहे. आपण मात्र त्यांची छायाचित्रे छापता. आमचा निरक्षर शेतकरीसुद्धा देवणी बैलाचे वानेरा, बालंक्या, शेवरा हे रंग एका दृष्टिक्षेपात ओळखतो, तथापि दात, खूर आणि चाल पाहिल्याखेरीज केवळ रंगावर भाळून तो दावणीला जनावर बांधीत नाही.

आता सरकारदरबारची गोष्ट. केंद्राने २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे व विक्रीचे नियम केले. त्यांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्यावाचून पैदास करता येत नाही आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. या नियमांची अंमलबजावणी आमच्या जिल्ह्यात कोणाच्या दप्तरी पडून आहे, हे विचारावयास गेल्यास एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखविले जाते. याच जिल्ह्यात डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातील लवूळच्या माकडांनी गावातील पिल्ले पळविली, तेव्हा देशभर बोभाटा झाला आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी थेट नागपूरहून वनखात्याचे पथक आले. माकडांसाठी जी तत्परता दाखविली गेली, तिचा शतांशही माणसांच्या हव्यासासाठी कोणी दाखवू नये, हा आमच्या प्रशासनाचा अजब शिरस्ता होय. त्यातच पोमेरेनियन म्हणजे दाट दुहेरी केसांचे जनावर, आणि आमच्याकडील मे महिना! पत्र्याच्या गाळ्यातील पिंजऱ्यात धापा टाकणारी पिल्ले ज्याला पाहावयाची असतील त्याने भर दुपारी बाजारात एक फेरी मारावी.

आपल्या पत्राकडून एवढीच अपेक्षा आहे की, यापुढे अशा पिल्लांविषयी मजकूर वा जाहिरात स्वीकारताना विक्रेत्याचा नोंदणी-क्रमांक आणि पिल्लाच्या आईबापांच्या मर्ल-तपासणीचा कागद मागावा, आणि तो हाती येईपर्यंत ती जागा कापसाच्या भावाला द्यावी.

आपला,
एक जुना वर्गणीदार
अंबाजोगाई, जि. बीड