शेजाऱ्यांची ना-हरकत

वर्धा शहर कुठं संपतं आणि पिपरी मेघे कुठं सुरू होतं, हे नवख्या माणसाला आता सांगता येणार नाही. शेतं गेली, ले-आऊट पडले. सावंगी, सिंदी, बोरगाव, नालवाडी, सगळीकडे तेच. कारभार ग्रामपंचायतीचा आणि राहणी शहराची. इथं प्लॉट घेणारा माणूस एनए झालंय का, टीपी मंजूर आहे का, रस्ता किती फुटांचा, ओपन स्पेस कुठं सोडली, सगळं विचारून घेतो. विचारायलाच हवं, आयुष्याची कमाई असते ती. पण त्या पैशात आपल्याला प्लॉट मिळतो. शेजारच्या घरात कोणी राहायचं, हे ठरवण्याचा हक्क त्यात येत नाही. हे इतकं उघड आहे की लिहायची गरज पडू नये. तरी पडली.

अशाच एका ले-आऊटमधली गोष्ट आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं माझ्या ओळखीची आहेत, एकमेकांच्या अडीनडीला धावून जाणारी आहेत. काही आईबापांनी मिळून तिथं एक दुमजली घर भाड्यानं घ्यायचं ठरवलं. त्यांची मुलं आता मुलं राहिलेली नाहीत, कोणी पंचविशीतला, कोणी चाळिशीचा. बुद्धी लहान मुलाची, देह वाढलेला. आईबाप साठी-सत्तरीत, आणि सगळ्यांना एकच घोर, आपल्यामागं याचं कोण करणार? म्हणून आठ जणांनी एकत्र राहायचं, सोबत दिवसरात्र सांभाळणारी दोन माणसं ठेवायची, असं ठरलं. घरमालक तयार होता. ॲडव्हान्सही दिला गेला होता.

मग अर्ज निघाला. तो मी वाचला आहे. मोबाइल टॉवरच्या वेळी जो मसुदा केला होता तोच पुढं घेतलेला. ‘सदर टॉवरमुळे’ खोडून ‘सदर संस्थेमुळे’ केलं होतं, आणि एका ठिकाणी खोडायचं राहून गेलं होतं. खाली सह्यांची दोन पानं. कारणं अशी : गल्ली अरुंद आहे, नळाला पाणी कमी येतं, लेकीबाळी ये-जा करतात, प्लॉटचे भाव पडतील. सही करणाऱ्या एका काकांना विचारलं, तर म्हणाले, “आमचा विरोध नाही जी, काम चांगलंच हाय. पण आमच्याच ले-आऊटमधी कायले?” ते मनापासून बोलत होते. घरमालकानं ॲडव्हान्स परत केला.

त्याच गल्लीत शिकवणी वर्ग चालतो. संध्याकाळी मोटारसायकली दोन्ही बाजूंना लागतात, त्यावर कधी अर्ज झाला नाही. या आठांपैकी एकालाही गाडी चालवता येत नाही. पाण्याचा प्रश्न खरा आहे, उन्हाळ्यात आपण सगळेच तो भोगतो. पण दहा माणसांचं एकत्र कुटुंब तिथं राहायला आलं असतं तर पाण्याचा हिशेब कोणी मांडला नसता. लेकीबाळींबद्दलचं कारण मला सगळ्यात जास्त लागलं. त्या आठांमध्ये तीन मुली होत्या. त्याही कोणाच्या तरी लेकीच.

कायदा याबाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ म्हणतो की दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि त्यांना अमुकच प्रकारच्या निवासात राहायला भाग पाडता येणार नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ पुढं जातो. घरचे नेत नाहीत किंवा बाहेर राहायची सोय नाही, एवढ्याच कारणानं कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असं त्याचं कलम १९ सांगतं, आणि अशा लोकांसाठी वस्तीतली समूह-निवासं उभी करण्याची किंवा त्यांना आधार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. आता ही घरं वस्तीत उभी राहायची, तर ती कोणत्या तरी गल्लीतच राहणार. गावठाणाबाहेरच्या जमिनीचा वापर ठरतो जिल्हाधिकारी आणि नगररचना खात्याकडे, पण नळजोडणी, नमुना आठवरची नोंद, ना-हरकत दाखला यासाठी माणूस पंचायतीच्या दारात येतो. मोठमोठे कायदे त्या दाखल्यापाशी अडतात.

अमेरिकेत टेक्सास राज्यात क्लेबर्न नावाचं गाव आहे. तिथं १९८० साली बुद्धीनं अधू अशा तेरा जणांसाठी घर घेतलं गेलं. नगर परिषदेनं खास परवाना मागितला आणि मग तो नाकारला, तीन विरुद्ध एक मतांनी. कारणं वाचताना मला आपला अर्ज आठवला : शेजाऱ्यांना नको आहे, माणसं जास्त होतील, पाचशे वर्षांतून एकदा पूर येईल अशा भागात घर आहे. आणखी एक कारण म्हणजे समोर शाळा आहे, तिथली पोरं यांना चिडवतील. त्या शाळेत अशीच तीसेक मुलं आधीपासून शिकत होती! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८५ मध्ये न्यायालयानं विचारलं की याच जागी वसतिगृह, रुग्णालय, वृद्धांचं शुश्रूषागृह यांना खास परवाना लागत नाही, मग यांनाच का? शेजाऱ्यांची नावड हे परवाना नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही, असा निकाल लागला.

पण मला जास्त बोलायचं आहे ते आपल्याच जिल्ह्याबद्दल. सेवाग्रामला जाणाऱ्या प्रत्येकानं परचुरे शास्त्रींची कुटी पाहिली आहे. महारोग म्हटलं की रक्ताचं माणूसही दार लावून घेई, त्या काळात गांधीजींनी या संस्कृत पंडिताला आपल्या कुटीपासून हाकेच्या अंतरावर ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं त्यांची मालिश केली. त्याआधी १९३६ मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठसेवेचं काम उभं केलं. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी पुढं वरोऱ्याजवळ आनंदवन वसवलं. या नावांचा आपल्याला अभिमान आहे, आणि असावा. तरी एक गोष्ट नीट पाहायला हवी. दत्तपूर काय, आनंदवन काय, दोन्ही वसली ती वस्तीबाहेर. आनंदवनाला मिळाली ती खडकाळ, झाडोऱ्याची जमीन. गावानं सेवेला नमस्कार केला, पण तो वेशीवरून. सेवाग्रामची ती कुटी मात्र राहत्या आश्रमात आहे, आणि तिचं मोल मला त्यासाठीच जास्त वाटतं. आता वर्ध्याला वेस उरलेली नाही. ‘बाहेर कुठंतरी करा’ म्हणायला ते बाहेरच शिल्लक नाही, तिथंही ले-आऊट पडलेत.

विरोध कायमचा असतो असंही नाही. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या हासेगावला रवी बापटले यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी सेवालय सुरू केलं, तेव्हा गावाचा कडवा विरोध झाला. ही मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत बसली म्हणून गावकऱ्यांनी आपली मुलं शाळेत पाठवणं बंद केलं. संस्था हटली नाही. वर्षं गेली, मुलं मोठी झाली, गावाला सवय झाली. पण गावाला सवय होईपर्यंतची ती वर्षं त्या पोरांच्या बालपणातून गेली, ती कोणी परत देणार नाही.

काहीजण म्हणतात, गावाचं मत नको का घ्यायला? दारूच्या दुकानावर बाया मतदान करतात, आडवी बाटली करतात, मग इथं का नाही? मतदान होतं ते एका धंद्यावर. माणसानं कुठं राहावं यावर मतदान घेता येत नाही. घ्यायला लागलो तर उद्या कोणाची जात, कोणाचा धर्म, कोणाची एकटी राहणारी लेक मतदानाला लावली जाईल, सांगता येत नाही.

पंचायतीनं खुशाल प्रश्न विचारावेत, आणि कडक विचारावेत. संस्थेची नोंदणी आहे का, रात्री सांभाळायला कोण असतं, त्यांची पोलीस पडताळणी झाली का, जिना सुरक्षित आहे का, सांडपाणी कुठं जातं, आग लागली तर बाहेर कसं पडणार. निवासगृहांत कोंडून ठेवल्याच्या, मारहाणीच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा तपासणी हवीच. ती आत राहणाऱ्यांच्या भल्यासाठी हवी, आणि दाखला दिल्यावरही वरचेवर हवी. शेजारच्या दोघांना देखरेखीच्या समितीत घ्या, पाहू द्या त्यांना आत काय चालतं ते.

पिपरीत असा अर्ज आला तर ग्रामसभेत मी उभा राहून बोलणार आहे, आणि माझ्या भिंतीला लागून असलेलं घर असेल तरी माझी ना-हरकत धरावी. ते आठ जण अजून आपापल्या घरी आहेत. त्यांच्या आईबापांना भाड्याचं घर हवं आहे, तळमजला असला तर बरं. कोणाचं रिकामं असेल तर या सदराच्या पत्त्यावर कळवा.