काटा ज्याच्या हातीं, क्षमा त्याची आधीं

वैशाखाचें ऊन डोक्यावर, मोंढ्याबाहेर हळदीच्या गाड्यांची रांग, आणि वजनाला उशीर; अशा वेळीं हिंगोलीच्या किंवा वसमतच्या बाजारांत माणसाची जीभ कशी चालते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मुनीम शेतकऱ्यावर ओरडतो, शेतकरी हमालावर, आणि दुकानांतला उरलेला राग संध्याकाळीं घरीं जाऊन बायकामुलांवर निघतो. या रोजच्या क्षुद्र संतापाचा गंभीरपणें विचार कोणी करीत नाहीं. आमच्या मतें तो अवश्य करावा. मोठ्या संकटांत धर्माची परीक्षा क्वचितच होते. उधारीच्या तगाद्यांत ती रोज होते.

येशू ख्रिस्तानें सांगितलेला एक दृष्टांत व्यापाऱ्यांस विशेष पटेल. एका राजानें आपल्या चाकराचें दहा हजार तालांतांचें कर्ज माफ केलें. चाकर बाहेर पडतो तोंच शंभर दिनारांसाठीं त्यानें आपल्या सोबत्याची नरडी धरिली. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारें ६,००० दिनार. ज्याला ६ कोटी दिवसांची मजुरी सुटली, तो शंभर दिवसांच्या मजुरीवरून उसळला! आपल्या नांवावर किती सूट जमा आहे हें जो विसरला, तोच दुसऱ्यावर चटकन् संतापतो. ख्रिस्ती लोक जिला कृपा म्हणतात ती हीच: हिशेबानें देणें नसतां दिलेली सूट.

ही शिकवण परकी आहे असें कोणीं म्हणूं नये. कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारिला, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों असें ते सांगत. आमच्या जिल्ह्यांतील नरसी तर नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. औंढ्याच्या नागनाथासमोर कीर्तन करीत असतां त्यांस तेथून हांकलून दिलें. ते न भांडतां देवळामागें जाऊन गात राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलें, अशी आख्यायिका आहे. दगड फिरले कीं नाहीं या वादांत आम्ही पडत नाहीं. अपमानास अपमानानें उत्तर न देणारा समोरच्याचें मन फिरवूं शकतो, एवढें मात्र अनुभवाचें आहे.

परंतु आमचें खरें म्हणणें पुढेंच आहे. ही कथा आपण नेहमीं हांकललेल्यांस सांगतों. हांकलणाऱ्यांस सांगत नाहीं. सोसण्याचा उपदेश हमालास, सुनेस, ऋणकोस. आणि संताप मात्र धन्याचा हक्क! ख्रिस्तानें शिष्यांचे पाय धुतले, ते स्वतः गुरु असतां. म्हणून क्षमेचा आरंभ गादीवर बसणाऱ्यानें करावा. कृपा म्हणजे लबाडीस संमति नव्हे. वजनांत खोट असेल तर ती स्पष्ट दाखवावी. पण ती दाखवितांना कोणाची जात किंवा बाप काढण्याचें कारण काय?

उद्यां मोंढ्यांत गाडी अडली, तर आधीं गाडीवानास पाणी विचारावें, मग उशिराचें कारण, आणि मग बोलावयाचें तें बोलावें. गादीवरचा आवाज उतरला म्हणजे काट्यापाशींचा आवाजही उतरतो. ज्यास हें खोटें वाटेल, त्यानें एक हंगाम तरी करून पाहावें.