दोष ना आईचा, ना बापाचा

पंचवटीत देशभरातून माणसं येतात. रामकुंडात डुबकी मारताना आणि काळारामापुढे हात जोडताना ‘यंदा तरी सुनेला मुलगा होऊ दे’ असं मागणारे त्यांत कमी नसतात. कुणाच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते या मागण्यामागच्या समजुतीशी, की मुलगी झाली तर सून कुठेतरी कमी पडली.

या समजुतीच्या पाठीशी तीन दावे उभे केले जातात. मूल काय होणार हे आईच्या कुशीवर ठरतं, सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी होते, आणि वंश मुलगाच चालवतो. तिन्ही खोटे आहेत. पहिला दावा तपासायचा तर आधी गुणसूत्रं पाहू.

पंचवटीच्या मार्केट यार्डात उतरणारा एखादा कांदा पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर ठेवा. दोन-चार दिवसांत मुळं फुटतील. मुळाचं टोक कापून, आम्लात नरम करून, रंग चढवून काचपट्टीवर अंगठ्याने दाबलं की सूक्ष्मदर्शकाखाली विभागणाऱ्या पेशींतली गुणसूत्रं दिसू लागतात. कांद्यात ती 16 असतात, माणसात 46. जनुकं वाहून नेणारी हीच सूत्रं. 1905 साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईंनी ज्याच्या अळ्या पिठात वाढतात अशा एका कीटकात पाहिलं, की मादीच्या पेशीत 20 मोठी गुणसूत्रं आहेत आणि नराच्या पेशीत 19 मोठी व एक लहान. लिंग ठरण्याचं मूळ त्या लहानग्या गुणसूत्रात सापडलं.

माणसातही असंच आहे. लिंग ठरवणाऱ्या जोडीत आईकडे दोन एक्स गुणसूत्रं, म्हणून तिच्या बीजातून एक्सच जाणार. बापाकडे एक एक्स आणि एक लहान वाय. त्याच्या शुक्राणूंपैकी जवळजवळ निम्मे एक्स नेतात, निम्मे वाय; एक्स पोचलं तर मुलगी, वाय पोचलं तर मुलगा. पहिला दावा इथेच निकालात निघाला.

सम-विषम रात्रींचा हिशेब मनुस्मृतीत आहे आणि कीर्तनांतून तो आजही सांगितला जातो. पण शुक्राणू बाईच्या शरीरात चार-पाच दिवस जिवंत राहू शकतात, त्यामुळे समागमाची रात्र आणि गर्भधारणेचा क्षण एकच असेल असं नाही. 1995 साली अ‍ॅलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी दिवसांच्या नोंदी ठेवून तपासलं. समागमाच्या वेळेचा आणि बाळाच्या लिंगाचा संबंध त्यांना आढळला नाही.

आता वंशाचं. मुलाला बापाकडून वाय मिळतं. त्यावर प्रथिनं घडवणारी जनुकं फार तर शंभराच्या आसपास. मुलीला बापाचं एक्स मिळतं, त्यावर अशी जनुकं आठशेच्या वर. उरलेली 22 गुणसूत्रं दोघांना सारखीच. म्हणजे जनुकं मोजायचीच ठरवली, तर बापाचा वाटा मुलापेक्षा मुलीत जास्त उतरतो. ‘वंशाचा दिवा’ म्हणून मुलाची वाट पाहणाऱ्याने हा हिशेब स्वतः करून पाहावा.

इथे आमचे काही सुधारक मित्र म्हणतात, ‘मग दोष पुरुषाचा.’ हेही मला मान्य नाही. कोणता शुक्राणू पोचेल हे बापाच्या हातात नसतं. कोंबडीत उलटं आहे, तिथे पिल्लाचं लिंग मादीच्या अंड्यातल्या गुणसूत्रावर ठरतं. मगरीत तर घरट्याच्या तापमानावर. या तिन्हींत लिंगाची निवड कुणी करत नाही. आणि नुसतं वाय असूनही भागत नाही, त्यावरचं एसआरवाय हे जनुक गर्भात वेळेवर जागं व्हावं लागतं. 1990 साली ते सापडलं. दोष सुनेच्या माथ्यावरून काढून तिच्या नवऱ्याच्या माथ्यावर ठेवला, तरी ‘मुलगी म्हणजे दोष’ हे गृहीतक तसंच राहतं. खोडायचं आहे ते तेच.

विज्ञान आलं की समजूत आपोआप जाते, असंही नाही. समजूत कायम ठेवून लोकांनी सोनोग्राफी हाताशी धरली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला, केंद्राचा 1994 साली आला. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली 1991 साली 946 होत्या, 2001 साली 913 आणि 2011 साली 894. एवढी तफावत गुणसूत्रांच्या वाटणीतून येत नाही. ती माणसांच्या निवडीतून येते.

म्हणून कायद्याची अंमलबजावणी हवीच, पण दहावीच्या पुस्तकातला एक्स-वायचा धडा परीक्षेपुरता न ठेवता घरात बोलला गेला पाहिजे, सासूसमोर आणि मुलासमोरही. मूल मुलगा असेल की मुलगी, हे कुणाचं कर्तृत्व नाही आणि कुणाचा अपराधही नाही. जन्मलेल्या मुलीला वाढवणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि जाब विचारायचाच तर त्याचा विचारावा.