पाहुणे कोण, घरचे कोण?

अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत सुपीरियर राष्ट्रीय वन आहे. १९०९ साली ते घोषित झाले. त्यातील सुमारे ११ लाख एकरांच्या बाउंड्री वॉटर्स भागात हजाराहून अधिक तलाव आहेत आणि उन्हाळ्यात लोक तेथे होड्या वल्हवत भटकतात. परवाने मोजके. एका गटात नऊच माणसे, चारच होड्या. काचेच्या बाटल्या, पत्र्याचे डबे नेण्यास बंदी. बहुतेक तलावांवर मोटारबोटीलाही मज्जाव. सार्वजनिक मालमत्ता धनदांडग्यांच्या घशात न घालता अशी राखता येते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

आमचा आक्षेप वेगळा आहे. १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने अशा भूमीची व्याख्याच केली ती अशी, की माणूस तेथे पाहुणा असतो, मुक्कामाला राहत नाही. कोण माणूस? ओजिब्वे हे मूलनिवासी लोक तर तेथे पिढ्यानपिढ्या राहत होते! एका व्याख्येने माणसे कशी गायब होतात, हे कोर्टाची पायरी चढलेल्यांना वेगळे सांगायला नको. भूर्जाच्या सालीची होडी त्यांची. आजचा हौशी प्रवासी होडी खांद्यावर घेऊन एका तलावाकडून दुसऱ्याकडे ज्या पायवाटांनी घामाघूम होत जातो, त्यातल्या कित्येक त्यांनीच पाडलेल्या. उथळ पाण्यात उगवणारे मनोमिन हे धान्य ते आजही होडीत बसून झोडपून गोळा करतात. ती त्यांची सहल नव्हे.

१८५४ च्या करारात ही भूमी सोडताना त्यांनी शिकारीचा व मासेमारीचा हक्क राखून ठेवला. राखून ठेवला, कुणी बक्षीस दिला नाही. याच वनाच्या दक्षिणेकडील भूमीबाबत ओजिब्वेंचा १८३७ चा आणखी एक करार आहे. राष्ट्राध्यक्षांच्या १८५० च्या हुकुमाने आणि १८५८ साली राज्य स्थापन झाल्याने त्यातले हक्क संपले, असा युक्तिवाद मिनेसोटा सरकारने केला. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, पण पाच विरुद्ध चार मतांनी. एक न्यायाधीश पलीकडे गेला असता तर?

वनखाते परवान्यासोबत शेकोटीचे नियम समजावून सांगते. त्याच कागदावर १८५४ च्या कराराचे अकरावे कलम छापले पाहिजे आणि होडी पाण्यात सोडण्यापूर्वी ते वाचून दाखवले पाहिजे.