कात्री थांबवा! चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागू नका, विकू नका

सोलापूरकर बंधू-भगिनींनो,

चौतीस वर्षे मी परिचारिका म्हणून काम केले. त्या काळातला एक हात अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तेंदूपान कापताना कात्री बोटाला लागलेली एक विडी कामगार बाई वॉर्डात आली होती. जखम नखाएवढी, पण हात कोपरापर्यंत सुजलेला आणि अंगात फणफणता ताप. काय औषध घेतले, असे विचारल्यावर तिने पदराची गाठ सोडून गोळ्यांच्या पट्टीचा तुकडा काढला. त्यात एकच कॅप्सूल उरली होती. मेडिकलच्या कात्रीत नाव अर्धे तुटले होते आणि मुदतीची तारीख दुसऱ्या कुणाच्या तरी तुकड्यावर गेली होती. ठणका लागला की दोन गोळ्या, बरे वाटले की बंद, पुन्हा ठणका की पुन्हा दोन. डॉक्टरांकडे ती गेलीच नव्हती. पुवाचा कल्चर रिपोर्ट आला, तेव्हा औषधांची नावे एकाखाली एक आणि त्यांच्यापुढे आर, आर, आर. आर म्हणजे या औषधाला जंतू दाद देत नाही. शेवटी बोट काढावे लागले. विड्या वळणाऱ्या बाईचे बोट गेले म्हणजे तिची रोजी गेली.

दोष त्या बाईला देऊ नका. मजुरी हजार विड्यांवर मिळते. दवाखान्याच्या रांगेत सकाळ घालवली तर त्या दिवशी हजार भरत नाहीत. मेडिकल मात्र गल्लीच्या तोंडाशी आणि रात्री दहापर्यंत उघडे. तिला दोन गोळ्या स्वस्त आणि डॉक्टर महाग, अशी व्यवस्था आपण सगळ्यांनी मिळून केली आहे. माझे भांडण या व्यवस्थेशी आहे.

कापलेले बोट जीवही घेऊ शकते. भैय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आपण अभिमानाने दाखवतो. 1938 साली ते चीनमध्ये जखमी सैनिकांच्या सेवेला गेले. तिथे ज्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, त्याला डॉ. नॉर्मन बेथून यांचे नाव होते. हे कॅनडाचे शल्यविशारद नोव्हेंबर 1939 मध्ये कशाने गेले? शस्त्रक्रिया करताना बोटाला कापले, जंतू रक्तात भिनले आणि काही दिवसांत सारे संपले. पेनिसिलिन तेव्हा कुणाच्याच औषधपेटीत नव्हते. 1955 पासून आपल्या पिंपरीच्या कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि बोट कापून मरण्याचे दिवस सरले, असे आपल्याला वाटले. ते दिवस आपण आपल्या हाताने परत आणतो आहोत.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर 1945 मध्ये नोबेलच्या व्याख्यानातच बजावले होते की, अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर सगळे जंतू मरत नाहीत, उरलेले औषधाला तोंड द्यायला तयार होतात. कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात, वाढतात आणि घरातल्या दुसऱ्याला लागतात. 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंनी जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे थेट मारली, असा संशोधकांचा अंदाज आहे.

आणि आपण या गोळ्या घेतो कशासाठी? सर्दीसाठी, साध्या तापासाठी, अंगदुखीसाठी. सर्दी, फ्लू, डेंग्यू हे विषाणूंचे आजार आहेत. अँटिबायोटिक जंतूंवर, म्हणजे बॅक्टेरियावर चालते. विषाणूवर त्याचा काडीचा उपयोग नाही. यंत्रमागाच्या धुळीत काम करणारा माणूस खोकल्यावर लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मागून घेतो; क्षय असेल तर तो काही दिवस दबतो आणि निदान लांबते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर गोळी नको, थुंकी तपासा. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते.

कायदा आहे. अँटिबायोटिक औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. सेफिक्झिमसारख्या औषधांसाठी 1 मार्च 2014 पासून दुकानदाराने वेगळी वही ठेवायची, त्यात डॉक्टर आणि रुग्णाचे नाव लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची आहे. पट्टीवरची लाल रेघही हेच सांगते.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे:

1. मेडिकलवाल्यांनो, चिठ्ठी नसेल तर नाही म्हणा. पट्टी कापावीच लागली तर नाव आणि मुदत बिलावर लिहून द्या.
2. डॉक्टरांनो, रुग्ण हट्ट करतो म्हणून अँटिबायोटिक लिहू नका. लिहाल तेव्हा आजार, वेळा आणि दिवस सुवाच्य लिहा. तेलुगू-कन्नड बोलणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावा.
3. महापालिकेने अशोक चौक, अक्कलकोट रोड भागात कामगारांच्या सुटीनंतर, संध्याकाळी दवाखाने चालवावेत. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलातही तशी सोय व्हावी.
4. अन्न व औषध प्रशासनाने त्या वह्या दुकानात जाऊन तपासाव्यात.

आणि आपण घरी एवढे पाळू:

• दिवसातून तीनदा, पाच दिवस सांगितले असेल तर पंधरा गोळ्या. चार घेऊन थांबू नका. त्रास झाला किंवा लवकर बरे वाटले, तरी बंद करायचे की नाही ते डॉक्टरांना विचारा. मनाने वाढवूही नका.
• पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठले होते का, दिवस गेले आहेत का, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, हे आधी सांगा.
• डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर घेऊ नका. लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा ॲसिडिटीच्या औषधाबरोबरही नको. गुण कमी येतो. मध्ये किती तासांचे अंतर ठेवायचे ते विचारून घ्या. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्या, लगेच आडवे होऊ नका.
• लहान मुलांच्या पावडरच्या औषधात उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घाला, दर वेळी बाटली हलवा आणि लेबलवर लिहिलेल्या दिवसांनंतर टाकून द्या. सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली ठेवू नका.
• ओठ-चेहरा सुजला, श्वास अडकला तर गोळी बंद करा आणि तडक रुग्णालय गाठा. जुलाब थांबत नसतील तर डॉक्टरांना कळवा.
• उरलेली गोळी डब्यात जपू नका, शेजारणीला देऊ नका. तिचा आजार वेगळा आहे.

त्या बाईचे बोट परत येणार नाही. पण आज रात्री गल्लीच्या मेडिकलवर कुणी तरी बाई दोन कॅप्सूल मागायला उभी असेल. तुम्ही शेजारी असाल तर तिला थांबवा आणि सकाळी तिच्याबरोबर दवाखान्यात जा.

गोळी वाटू नका. हे पत्रक वाटा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर