पहिले लेथ जुनेच घ्यावे

लाकूड कातण्याची हौस अलीकडे आपल्या शहरांतून पुन्हा मूळ धरू लागली आहे. दिवसभराच्या कचेरीतील कामानंतर हातांना काही ठोस उद्योग हवा असे वाटणारी, सुतारकीचा वंशपरंपरागत संस्कार नसलेली, पण लाकडाच्या वासाची आणि रंगाची मनापासून ओढ असलेली पुष्कळ मंडळी भोवरे, वाडगे, दिवे, लेखण्या कातण्याच्या इराद्याने लेथच्या शोधात असतात, आणि त्यांची पहिली पृच्छा बहुधा एकच असते, ती म्हणजे लेथ नवे घ्यावे की जुने. माझे मत असे आहे, की पहिले लेथ जुनेच घ्यावे, आणि शक्य असेल तर ज्याने त्यावर आयुष्यभर पोट भरले त्याच्या हातूनच घ्यावे.

लेथ हे मूलतः अत्यंत साधे यंत्र आहे. फिरणारा आस म्हणजे स्पिंडल ज्यात बसवलेला असतो तो डावीकडचा हेडस्टॉक, लाकडाचे दुसरे टोक धरणारा उजवीकडचा टेलस्टॉक, हत्यार टेकवण्याची आडवी पट्टी म्हणजे टूल रेस्ट आणि हे सर्व ज्यावर उभे असते तो बेड, एवढाच त्याचा संसार. स्पिंडलला जोडलेली मोटार, पट्टा आणि बेअरिंगे हे झिजणारे जिन्नस असून ते कोणत्याही तालुक्याच्या बाजारपेठेत मिळतात. स्पिंडल आणि ओतीव बीडाचा बेड मात्र सहसा झिजत नाहीत, आणि यंत्राचे खरे मोल याच दोहोंत साठवलेले असते. तीस वर्षे वापरलेले बीड चीर गेलेली नसेल तर तीस वर्षांपूर्वी होते तितकेच भरवशाचे असते, आणि त्याचे वजन, जे विकणाऱ्याला अडचणीचे वाटते, तेच कातणाऱ्याच्या कामी येते. कारण लाकडाचा ओबडधोबड ओंडका फिरू लागला म्हणजे जो कंप उठतो, तो जड बेड गिळून टाकतो, आणि हलके यंत्र तो हत्याराच्या टोकापर्यंत पोहोचवते.

अशी यंत्रे आपल्याकडे आहेत कोठे, असे कोणी विचारील. एके काळी पलंगाचे आणि बाजांचे कातीव पाय, पाळण्यांच्या दांड्या, जिन्याच्या कठड्याचे खांब, रव्या, लाटणी, पोळपाट यांची मागणी पुरवणारी दुकाने गावोगाव होती. लोखंडी पलंग आले, प्लायवुड आले, प्लॅस्टिक आले, आणि ही दुकाने एकामागून एक मंदावली. सावंतवाडीसारख्या ठिकाणी, जेथे चितार आळीतील लाकडी खेळण्यांना आजही गिऱ्हाईक आहे, तेथे फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेनेच रंग चढवण्याची विद्या टिकून राहिली. परंतु अन्यत्र कारागिराचे हात थकले, मुलांनी दुसरा व्यवसाय पत्करला, आणि यंत्र गोणपाटाखाली धूळ खात पडले. यथावकाश ते भंगारात जाते आणि तेथे त्याची किंमत किलोच्या भावाने ठरते. चालू स्थितीतील यंत्र वजनावर विकले जाणे ही माझ्या मते एक सार्वजनिक हानीच आहे, आणि ती टाळण्याचे एक साधन नवशिक्याच्या हाती आहे.

अर्थात जुने घ्यावे म्हणजे डोळे मिटून घ्यावे असे नव्हे. बयाणा देण्यापूर्वी अर्धा तास काढून पुढीलप्रमाणे खातरजमा करावी. प्रथम पट्टा उतरवून स्पिंडल हाताने सावकाश फिरवावा आणि दुसरा हात बेअरिंगच्या घरावर ठेवावा; खरखर बोटांना जाणवली, तर बेअरिंगे बदलावी लागतील, हा खर्च किरकोळ असतो आणि तो किमतीतून वजा करून मागावा. मग स्पिंडल दोन्ही हातांनी धरून मागेपुढे आणि वरखाली हलवून पाहावा. येथे खुळखुळ आढळली आणि ती बेअरिंगची नसून बेअरिंग जेथे बसते त्या घराचीच झीज असली, तर ते यंत्र मुकाट्याने सोडून द्यावे. नंतर टेलस्टॉक सरकवीत हेडस्टॉकपाशी न्यावा आणि दोन्हीकडच्या अणकुच्या नेमक्या समोरासमोर येतात की नाही, ते उजेडाकडे तोंड करून न्याहाळावे. केसभर फरक पातळ पत्र्याची पट्टी घालून काढता येतो, दोन-तीन मिलिमीटरांचा फरक असेल तर कोणीतरी ते यंत्र पाडले आहे असे समजावे. शेवटी लहान हातोडीने बेडवर ठिकठिकाणी हलकेच ठोकावे. अखंड बीडाचा नाद खणखणीत येतो, चीर गेलेल्याचा बद्द. वरवरच्या गंजाने मात्र कोणी बिचकू नये, तो रॉकेल आणि पॉलिश-कागद यांच्या साहाय्याने एका रविवारात निघून जातो, आणि टूल रेस्टच्या कडेवर पडलेल्या खाचा कानशीने घासल्या म्हणजे हत्यार पुन्हा सुरळीत सरकू लागते.

विजेचा मुद्दा आपल्या देशात विशेष महत्त्वाचा आहे. कारखान्यातील जुन्या लेथला बहुधा थ्री फेजची मोटार असते, आणि घरच्या जोडणीत ती थेट चालत नाही. तिच्या जागी एक अश्वशक्तीची, मिनिटाला सुमारे १४४० फेऱ्यांची सिंगल फेज मोटार बसवून घ्यावी, पायऱ्यांच्या पुलीने वेग बदलावा, आणि अर्थिंगची तजवीज जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. तसेच स्पिंडलचे आटे आणि त्याच्या पोटातील निमुळते भोक ही मापे घेऊन ठेवावीत. बाजारात मिळणारे चक आणि अणकुच्या ठरावीक मापांच्या असतात, बऱ्याचशा दोन नंबरच्या मोर्स टेपरच्या, आणि स्थानिक कारागिराने बनवून घेतलेल्या लेथमध्ये हे माप कित्येकदा जमत नाही. परंतु कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा भोसरीच्या एखाद्या छोट्या गाळ्यात धातूच्या लेथवर काम करणारा टर्नर मोजमाप दाखवताच एका बाजूला जुने आटे आणि दुसऱ्या बाजूला नवे आटे असलेला जोडतुकडा कातून देतो. ही सोय ज्या प्रदेशात इतकी सहज उपलब्ध आहे, तेथे विजोड आट्यांच्या सबबीवर चांगले यंत्र नाकारणे मला अनाठायी वाटते.

नव्या लेथची बाजू अगदीच लंगडी आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांना वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीत काम करायचे आहे, ज्यांना केवळ लेखण्या आणि छोटे भोवरे कातायचे आहेत, किंवा ज्यांच्या ओळखीत यंत्राची जाण असलेले एकही माणूस नाही, त्यांनी दहा-बारा इंची व्यासाचे काम घेणारे लहान नवे लेथ खुशाल घ्यावे. त्याचे आटे प्रचलित मापाचे असतात आणि पावतीसोबत मुदतीची हमीही मिळते. मात्र खटका फिरवताच वेग बदलणाऱ्या स्वस्त यंत्रांत एक इलेक्ट्रॉनिक पट्टिका असते, ती हमीची मुदत संपल्यावर निकामी झाली आणि तिचा जोड मिळाला नाही, म्हणजे संपूर्ण यंत्र निरुपयोगी ठरते. राजकोट-बटाल्याकडची धातू कातण्याची मोठी लेथे स्वस्तात मिळतात म्हणून लाकडासाठी घेण्याचा मोह तर सर्वथा आवरावा. त्यांचा वेग, त्यांची हत्यार धरण्याची पद्धत आणि त्यांचा उद्देश सर्व वेगळे आहे.

जुने घेतल्याने जे पैसे वाचतात त्यांचा विनियोगही आधीच ठरवून ठेवावा, कारण नवशिक्याचा हिशेब येथेच हमखास चुकतो. यंत्रावर सर्व रक्कम खर्चून हत्यारांसाठी काहीच न उरलेला माणूस बोथट पटाशीने लाकूड ओरबाडीत बसतो आणि दोष स्वतःच्या हातांना देतो. उत्तम पोलादाच्या चार गोल-तिरप्या पटाश्या, त्यांना धार लावण्यासाठी ग्राइंडर, एक चार जबड्यांचा चक आणि संपूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल, एवढे साहित्य पहिल्याच दिवशी हवे. यातील शेवटचा जिन्नस तर ऐच्छिक मुळीच नाही. सैल बाही, गळ्यातील उपरणे किंवा हातमोजे घालून लेथपाशी कधीही उभे राहू नये. वेगाबाबत जुन्या-जाणत्यांचा एक आडाखा उपयुक्त आहे, तो असा की तुकड्याचा व्यास इंचात मोजून त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले असता येणारी संख्या ६००० ते ९००० यांच्या दरम्यान असावी. म्हणजे दहा इंची वाडग्याला ६०० ते ९०० फेऱ्या पुरेत, आणि ओंडका अजून समतोल झालेला नसेल तर त्याहूनही कमी.

परंतु जुन्या लेथच्या बाजूने माझा सर्वांत मोठा युक्तिवाद पैशाचा नाहीच. दुकानातून खोक्यात आलेल्या यंत्राबरोबर एक पुस्तिका येते. वृद्ध कातारीकडून यंत्र घेतले तर त्याच्या अंगणात, त्याच यंत्रावर, पट्टा चढवून तो एक लाटणे कातून दाखवतो. पटाशीची मूठ कमरेला कशी लावायची, पात्याच्या धारेमागचा उतार आधी लाकडावर घासू देऊन मग मूठ हळूहळू उचलत धार कशी भिडवायची, बाभळीला किती जोर आणि आंब्याला किती, हे त्या अर्ध्या तासात जितके कळते, तितके चित्रफिती पाहून अनेक महिन्यांतही उमगत नाही. म्हणून घासाघीस करताना चार पैसे जास्त द्यावे लागले तरी हरकत नाही, पण हे प्रात्यक्षिक सौद्याच्या अटींत जरूर घालावे.

एक विनंती दुसऱ्या बाजूलाही करावीशी वाटते. ज्यांच्या वाड्यात, बंद कारखान्यात किंवा मागच्या पडवीत असे लेथ पडून आहे, त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी गावातील सुतारांना आणि शाळेतील कार्यानुभवाच्या शिक्षकांना एकवार विचारावे, तसेच ज्या शासकीय संस्थांत लाकूडकामाची यंत्रे निर्लेखित होतात, त्यांनी लिलावात ती वजनावर न काढता नगावर काढावीत, जेणेकरून सामान्य माणसालाही एक यंत्र विकत घेता येईल. आणि यंत्र विकताना त्याबरोबरची झिजलेल्या हत्यारांची पेटी वेगळी काढून ठेवू नये; ती घेणाऱ्यालाच द्यावी.