घर आणि शाळा : मठ्ठ म्हणण्यापूर्वीं

सहामाही परीक्षेचें प्रगतिपुस्तक घरीं आलें, कीं एकत्र कुटुंबांत तें एकट्या आईबापांच्या हातीं राहत नाहीं. आजोबा चष्मा पुसून तें वाचतात, काका गुणांची बेरीज पडताळून पाहतात, आणि चुलत भावंडांच्या गुणांशीं तुलना करावयास कोणी तरी बसलेलेंच असतें. या आस्थेचें मोल मोठें आहे. ज्या मुलाच्या अभ्यासाची चौकशी पांच माणसें करतात, तें मूल भाग्यवान् होय. परंतु याच मंडळींपैकीं एखाद्यानें ‘हा मठ्ठ आहे’ असा शेरा मारला, म्हणजे तोहि एकाच्याच मुखीं राहत नाहीं. आठवड्याभरांत तो सर्वतोमुखीं होतो, आणि शेवटीं तें मूल स्वतःच तो खरा मानूं लागतें. आपण मठ्ठ आहों असें ज्यानें एकदां ठरविलें, तो प्रयत्न तरी कशास करील? यास्तव हा शब्द उच्चारण्यापूर्वीं सुज्ञ वाचकांनीं तीन गोष्टींची तपासणी अवश्य करावी.

पहिली गोष्ट डोळ्यांची. फळ्यावरील अक्षर अंधुक दिसत असलें, तरी मूल तसें सांगत नाहीं. कारण इतरांस तें स्पष्ट दिसतें, हें त्यास ठाऊकच नसतें. तें शेजाऱ्याच्या वहींत डोकावतें आणि मास्तरांचा राग ओढवून घेतें. वर्षांतून एकदां नेत्रवैद्याकडून डोळे तपासून घ्यावेत, आणि मुलांस रोज उघड्यावर खेळूं द्यावें. चीनमधील ग्वांगझौ शहरीं कांहीं शाळांतून लहान मुलांस रोज ४० मिनिटें अधिक बाहेर नेण्यांत आलें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें तीन वर्षांत त्यांच्यापैकीं सुमारें ३० टक्के मुलांस ऱ्हस्वदृष्टि जडली; इतर शाळांत तेंच प्रमाण सुमारें ४० टक्के होतें.

दुसरी गोष्ट कानांची. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानांत पडद्यामागें पुष्कळदां द्रव सांचतो, व कांहीं आठवडे त्यास कमी ऐकूं येतें. हांक मारली असतां ओ न देणारें मूल नेहमींच उद्धट असतें असें नाहीं.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. डोळे उत्तम, कान उत्तम, बोलणें चुणचुणीत, आजीनें सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी सांगणारें, पण वाचावयास बसविलें कीं अडखळणारें मूल पुष्कळ मास्तरांनीं पाहिलेलें असतें. इंग्लंडांतील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनीं १८९६ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें अशाच एका १४ वर्षांच्या मुलाचें वर्णन केलें. तो बुद्धिमान् होता, गणितें करीत असे. परंतु साधे शब्दहि त्यास वाचतां येत नसत. सर्व शिक्षण तोंडीं असतें, तर हा शाळेंतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, हें त्याच्या मास्तरांचें मत डॉक्टरांनीं नमूद करून ठेविलें आहे. या अडचणीस आज डिसलेक्सिया म्हणतात. तो आळस नव्हे, बुद्धिमांद्यहि नव्हे. ध्वनि आणि अक्षर यांची सांगड घालणें अशा मुलास कठीण जातें, एवढेंच. आणि पुष्कळदां ही अडचण कुळांत चालत आलेली असते.

मराठींत ती कशी ओळखावी? घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची गल्लत सरावानंतरहि जात नाहीं. काना, मात्रा, अनुस्वार गळतात. जोडाक्षर आलें कीं वाचन थांबतें. ‘कि’ लिहितांना वेलांटी व्यंजनाच्या आधीं, पण तिचा उच्चार मात्र व्यंजनानंतर, हें आपल्या अंगवळणीं पडलें आहे. अशा मुलास तें रोज छळतें. सहा वर्षांच्या वयांत या चुका स्वाभाविक होत. आठ-नऊ वर्षांनंतरहि त्या टिकल्या, तर तज्ज्ञांकडून तपासणी करवावी.

संस्कृतांत ‘शिक्षा’ हें एका वेदांगाचें नांव आहे. वर्ण, स्वर, मात्रा यांच्या शुद्ध उच्चाराचें तें शास्त्र. मराठींत त्याच शब्दाचा अर्थ दंड असा होऊन बसला. वाचतां न येणाऱ्या मुलास दंडानें कांहींहि लाभ होत नाहीं, परंतु मूळ अर्थाची शिक्षा त्यास अत्यंत आवश्यक असते. शब्दाचे तुकडे टाळीवर पाडावेत. ‘कमळ’ यांतील पहिलें अक्षर काढल्यास काय उरतें, असें विचारावें. पूर्वीं धूळपाटीवर बोटानें अक्षर गिरवीत. आज ताटांत रवा पसरून तेंच करावें. अक्षर मोठ्यानें उच्चारीत बोटानें गिरविलें, म्हणजे डोळा, कान आणि हात एकत्र काम करतात. तज्ज्ञ मंडळीहि हीच रीत सांगतात.

एकत्र कुटुंबास येथें मोठी सोय आहे. घरांतील जें माणूस सर्वांत शांत असेल, त्यानेंच रोज पंधरा मिनिटें हा अभ्यास घ्यावा. इतरांनीं मध्यें बोलूं नये. इतिहासाचा, विज्ञानाचा धडा आजीनें किंवा आत्यानें वाचून दाखवावा, म्हणजे वाचन अडलें तरी ज्ञान अडत नाहीं. आणि प्रगतिपुस्तक चारचौघांत वाचण्याची चाल बंद करावी.

कायदाहि अशा मुलाच्या बाजूस आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें विशिष्ट अध्ययन अक्षमतेस मान्यता दिली, आणि महाराष्ट्राच्या शालान्त परीक्षा मंडळाकडून प्रमाणपत्र असलेल्या मुलांस अधिक वेळ, लेखनिक इत्यादि सवलती मिळतात. परंतु ‘लोक काय म्हणतील’ या भीतीनें कांहीं घरांतून तपासणीच टाळली जाते, किंवा प्रमाणपत्र कपाटांत दडविलें जातें. डोळ्यांस चष्मा लावण्यांत जर लाज नाहीं, तर येथेंच ती कां असावी? त्या लाजेचें मोल मूल भरतें, आणि तेंहि ऐन शिकण्याच्या वर्षांत.

तरी ज्यांच्या घरीं असा शेरा मिळालेलें मूल असेल, त्यांनीं या सुटींत प्रथम नेत्रवैद्य व कर्णवैद्य यांची भेट घ्यावी, नंतर वर्गशिक्षकांशीं निवांत बोलावें, आणि तोंवर तो शेरा घरांतील सर्वांनीं मागें घ्यावा.